एकाचा नऊ

तुमचा धंदा काय, असं कुणी विचारलं की उत्तरेश्वर सरळ सांगायचा, "लोकांच्या शिव्या खायचा." त्यात खोटं काही नव्हतं. दोन हजार सात सालच्या त्या श्रावणात कोथरूडच्या चार गल्ल्यांत मिळून त्याची एकशेवीस घरं होती. घरं म्हणजे इंटरनेटची कनेक्शनं हो, स्वतःचं तर भाड्याचंच होतं! मोठ्या कंपनीकडून एक जाड लाइन घ्यायची, गच्चीवरून गच्चीवर काळी वायर ताणायची, जिन्यात पत्र्याची पेटी ठोकायची आणि पेटीतून घराघरात फाटे सोडायचे. एका विहिरीचं पाणी भावकीत वाटावं तसा हा प्रकार, आणि भांडणंही अगदी भावकीसारखीच.

माणूस मूळचा औशाचा. चौऱ्याण्णव साली भोसरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटला. सात वर्षांनी कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा रडत बसला नाही, केबल टीव्हीच्या वायरी ओढायला लागला, आणि तिथून या धंद्यात आला. इंग्रजी तो खोक्यांवरच्या सूचना वाचून शिकला. आकडे तर असे अंगवळणी पडले की किराणाची यादीसुद्धा इंग्रजी आकड्यांत. त्याची बायको द्वारका म्हणायची, "वाण्याला मराठी येतं, तुम्हालाच इसरलंय."

तर त्या सोमवारी प्राजक्त सोसायटीतून पहिला फोन आला. मग दुसरा, मग मोजणंच सोडलं. पान उघडत नाही, मेल जात नाही, अमेरिकेतल्या नातवाचा आवाज तुटतो. प्राजक्त ही त्याची सगळ्यात जुनी सोसायटी. तिथं तोंड काळं झालं की आजूबाजूच्या इमारती हातच्या गेल्याच म्हणायच्या. त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं आणि कपाळाला हातच लावला. त्याच्या स्वस्तातल्या यंत्रणेत हिशोब इमारतीपर्यंतच दिसे, घराघराचा दिसत नसे. पण जे दिसलं ते पुरेसं विचित्र होतं. एरवी इमारतीत येणारा माल जास्त असतो, बाहेर जाणारा अगदी किरकोळ. इथं सगळं उलटं! बाहेर जाणारी वाट काठोकाठ भरलेली. ती वाट तुंबली की येणारंही अडतं, कारण साधं पान मागवायचं तरी मागणी आधी बाहेर जावी लागते. पण एवढं बाहेर चाललंय तरी काय? आणि कुणाकडे?

लाइन त्याच्या नावावर होती. उद्या कुणी काही भलतंसलतं पाठवलं असेल तर पोलीस कुणाची गचांडी धरतील? एकच अंदाज होता. पोरंपोरी एकमेकांत सिनेमे वाटून घेतात, त्या शेअरिंगच्या सॉफ्टवेअरचा हा प्रताप असावा. त्यात तुम्ही एखादी फाइल उतरवून घेता आणि तुमच्याकडची जगाला देत राहता. कॉम्प्युटर चालू असेपर्यंत ते देणं थांबत नाही.

बुधवारी सेक्रेटरींनी बोलावलं. गोपाळकृष्ण त्यांचं नाव. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शर्ट इस्त्रीचा आणि जीभही इस्त्रीचीच. "या," ते म्हणाले. "आपण वायरवाले की वायदेवाले? तीन दिवस 'बघतो, बघतो' ऐकतोय. रविवारी सकाळी दहाला सभा आहे. तोपर्यंत कारण सांगा, नाहीतर वायर गुंडाळा."

त्यांच्या देखत उत्तरेश्वरनं तळमजल्याच्या जिन्यातली पेटी उघडली. आत प्रत्येक वायरीपाशी एक बारका हिरवा दिवा. बाकीचे मधूनच डोळा मिचकावत होते, एक मात्र पिसाटल्यासारखा लुकलुकत होता, क्षणाची उसंत नाही. त्या वायरीवर मळकट पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावरचा आकडा त्यानं वाचला आणि सुटका झाल्याच्या आनंदात मोठ्यानं बोलून गेला, "नऊ!"

"नऊ?" गोपाळकृष्ण म्हणाले. "म्हणजे त्या भाडेकरू मुली. वाटलंच होतं."

बोलून गेल्यावर उत्तरेश्वरला चर्र झालं. नऊ नंबरमध्ये राजनंदिनी राहत होती. उदगीरची पोरगी, हिंजवडीत एका कंपनीत लागलेली, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर राहायची. ती जागा उत्तरेश्वरनंच शोधून दिलेली. तिचे वडील बापूराव, ती त्यांना दादा म्हणायची, शाळेत कारकून. पोरीला सोडायला आले तेव्हा त्याचे हात हातात घेऊन म्हणाले होते, "तुम्ही आपल्याकडचे, म्हणून ठेवतो हिला इथं." पण आता बाण सुटला होता. आणि दिवा काय खोटं बोलतो का? आजकालच्या पोरी, कुणी सांगावं, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी संध्याकाळी राजनंदिनी दुकानात आली. चप्पलसुद्धा नीट घातलेली नव्हती.

"भाऊ, तुम्ही माझं नाव सांगितलंत?"

"मी नंबर सांगितला. जे दिसलं ते."

"सेक्रेटरींनी घरमालकांना फोन केला. घरमालकांनी आमच्या दादांना केला. तुमची मुलगी घरात बसून काय काय उतरवती आणि लोकांना पाठवती, इमारत त्रासलीय, असं म्हणले. दादा रविवारी यायलेत मला न्यायला. नोकरी सोड म्हणतेत." तिचा आवाज चिरकत होता, पण ती रडली नाही. "भाऊ, सोमवारपासून आम्ही दोघीही ऑफिसातच पडून आहोत, काम निघालंय मोठं. आंघोळीपुरत्या घरी येतो. कॉम्प्युटर चालूच केला नाही मी."

"मग दिवा कुणाचा लुकलुकायलाय?" उत्तरेश्वर म्हणाला.

ती वळली आणि निघून गेली. आतून द्वारका बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "सेक्रेटरीला सांगायच्या आधी पोरीला इचारलंत का?" तिनं विचारलं.

"तुला काय कळतं यातलं?"

"यातलं नाही कळत. माणसातलं कळतं," असं म्हणून ती आत गेली. उत्तरेश्वर चिडला.

शुक्रवारी दुपारी सेक्रेटरींच्या हुकमावरून तो नऊ नंबरची वायर तोडायला गेला. ही वायर आधीच्या भाडेकरूच्या वेळची, कुठून कुठं जाते ते त्याला पाठ नव्हतं. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलींच्या खिडकीपासून तो वायर धरून निघाला. आता ती जिन्यातून खाली, तळमजल्याच्या पेटीत जायला हवी ना? ती निघाली वर! भिंतीला खिळे मारत मारत थेट गच्चीवर. तिथं त्यानंच वरच्या घरांसाठी मागाहून बसवलेली दुसरी पेटी होती, ती त्यानं उघडली. आत वायरीवर त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शाईत लिहिलेलं होतं, 9. आणि तिचा दिवा? मेल्यासारखा गप्प. तिच्या घरातून काहीच जात नव्हतं.

तीन-तीन पायऱ्या एका वेळी उतरत तो खाली आला आणि खालची पेटी पुन्हा उघडली. मळकट चिकटपट्टी नीट निरखली. अक्षर थरथरतं, जाड, बॉलपेन दाबून काढलेलं. हे त्याचं अक्षरच नव्हतं. हे गेनबाचं.

गेनबा मुळशीकडचा. धंद्याच्या पहिल्या वर्षी तो उत्तरेश्वरच्या हाताखाली होता, मग भाताच्या लावणीला म्हणून गावी गेला तो तिकडचाच झाला. या इमारतीतलं पहिलं कनेक्शन त्यानं दिलेलं. बाकीच्या पट्ट्या उत्तरेश्वरच्या, इंग्रजी आकड्यांतल्या. आणि गेनबा? त्याला इंग्रजी आकडे कुठले यायला! त्यानं आपला शाळेत शिकलेला मराठी एक काढला होता. वर गोल, खाली शेपटी. मराठी एक आणि इंग्रजी नऊ शेजारी शेजारी ठेवून बघा, जुळी भावंडं वाटतील.

एक नंबर म्हणजे गोपाळकृष्णांचं घर.

उत्तरेश्वर तिथंच पायरीवर बसला. कुणाच्या तोंडानं हे सांगायचं? पण आधी खात्री तर करायला हवी. त्यानं एक नंबरची बेल वाजवली. सेक्रेटरी बँकेत गेले होते, दार पद्मजाबाईंनी उघडलं. सेक्रेटरींची बायको. साठीच्या, हसऱ्या. इमारतीतल्या बायका त्यांना काकू म्हणत.

"लाइन तपासायची होती," तो म्हणाला.

"या ना! तपासा बाई एकदाची. माझंसुद्धा हळूहळू जातंय."

"काय जातंय?"

कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण होतं, ते त्यांनी पडद्यापुरतं वर केलं. आत शेअरिंगचं सॉफ्टवेअर उघडंच होतं आणि वर जाणारा बाण लाल होऊन पळत होता. पद्मजाबाई कौतुकानं सांगायला लागल्या. मुलगा शौनक अमेरिकेत, तो मागच्या खेपेला आला तेव्हा त्यानं हे बसवून दिलं, यातून जुनी कीर्तनं मिळतात म्हणून. मिळालीही, चांगली वीस-बावीस. "पण मला मेलं सारखं खटकायला लागलं. लोकांकडून घेतेय, घेतेय, आणि देत काहीच नाही. शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करतो का आपण? साखर तरी घालतोच ना चिमूटभर? मग शौनकला फोनवर विचारलं. तो म्हणाला, आई, तुमच्या मंगळागौरीची फिल्म आहे ना, ती ठेव."

शौनकनं दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकांच्या गटाची मंगळागौर पुरी तीन तास चित्रित केली होती. झिम्मा, पिंगा, किकीचं पान, सूप नाचवणं, सगळं. रविवारी पद्मजाबाईंनी ती ठेवली. श्रावणाचे मंगळवार तोंडावर. न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंतच्या मराठी पोरींना खेळ हवेच होते.

"एकशेचाळीस जणी घेताहेत!" त्या म्हणाल्या. "म्हणून मी रविवारपासून बंदच केलं नाही. मध्येच बंद केलं तर बिचारीचा पिंगा अर्ध्यावर राहायचा."

उत्तरेश्वरला हसावं की रडावं कळेना. त्यानं कसंबसं सांगितलं की काकू, याच्यानं लाइनवर ताण येतो, थोडे दिवस बंद ठेवा. त्यांनी लगेच बंद केलं. मग त्याच्यापुढे नारळाची वडी ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ती नऊ नंबरची मुलगी काय उपद्व्याप करत होती म्हणे? दिसायला तर साधी दिसते हो."

बोलायची वेळ ती होती. तोंडात वडी होती, आणि ती गिळेपर्यंत त्याचा धीरही गिळला गेला. "बघतो," असं म्हणून तो निघून आला. भित्रा! दुसरा शब्द नाही त्याला.

शनिवारी सकाळी गोपाळकृष्ण त्याला रस्त्यातच भेटले, आणि चक्क हसले. "पाहिलंत? पोरीला दम दिला आणि कालपासून स्पीड आला. आपलं निदान अचूक होतं हं. उद्या ठराव करतोय, महिनाअखेर जागा खाली. आणि हो, शेजारच्या तीन इमारतींचे सेक्रेटरी माझे मित्र आहेत. तुमचं नाव सुचवलंय मी."

तीन इमारती! चांगली साठेक घरं. उत्तरेश्वर उभ्या जागी विरघळला. आपण फक्त गप्प बसायचं. कुणाला कळणार नाही. दिवा शांत झालाय, पट्टी बदलता येईल. पोरगी काय, गावाकडं दुसरी नोकरी बघेल, लग्न होईल तिचं. असं तो स्वतःला दिवसभर सांगत राहिला. संध्याकाळी ताटावर बसला तर घास उतरेना. शेवटी द्वारकेला सगळं सांगून टाकलं.

तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. "तुम्ही चौऱ्याण्णवला पुण्याला आलात तवा तुमच्या बापाला कुणी फोन केला असता, पोरगं चोरटं निघालंय म्हणून, तर कुठं असतात आज?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

रविवारी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. भाडेकरूंना सभेत बसायचा हक्क नाही, म्हणून राजनंदिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी. तिच्या शेजारी एक सुटकेस, एक दोरीनं बांधलेली पिशवी, आणि रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेले बापूराव. उत्तरेश्वरनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"विषय तीन," गोपाळकृष्णांनी वाचलं. "फ्लॅट नऊमधील भाडेकरूंच्या गैरवापराबाबत. वायरवाल्यांनी स्वतः खात्री करून दाखवलेली आहे. कुणाला काही बोलायचंय? नसेलच."

"मला," उत्तरेश्वर म्हणाला. "साहेब, नऊ नाही."

"नऊ नाही म्हणजे? आपणच बोट ठेवलंत."

"पट्टीवर मराठी एक होता. मी इंग्रजी नऊ वाचला. चूक माझी. नऊ नंबरमधून एक अक्षरसुद्धा बाहेर गेलेलं नाही."

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग एका गृहस्थांनी सभेच्या नोटिशीमागे दोन्ही आकडे काढून पाहिले आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवला. कागद पहिल्या रांगेपर्यंत पोचला तशा माना एकेक करून सेक्रेटरींकडे वळल्या.

"एक म्हणजे आमचं घर," गोपाळकृष्ण सावकाश म्हणाले. "आपली गाववाली म्हणून तिला वाचवताय काय? आमच्या घरी कॉम्प्युटर कोण लावतं?"

"अगं बाई!" बायकांच्या रांगेतून पद्मजाबाई उठल्या. चेहरा पांढराफटक. "म्हणजे ते माझ्यामुळं? माझी मंगळागौर!" आणि त्यांनी भाबडेपणानं सगळं सांगितलं. कीर्तनं, रिकामी वाटी, एकशेचाळीस जणी, अर्धा पिंगा.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी सभाच हसली. "वहिनी, तुम्ही तर इंटरनॅशनल झालात!" एकानं टाळ्या वाजवल्या. गोपाळकृष्णसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले. "विषय तीन रद्द," ते म्हणाले. "चहा आणा."

चार दिवस जो गुन्हा होता, त्याचं तीन मिनिटांत कौतुक झालं. उत्तरेश्वरला हसणाऱ्या प्रत्येकाचा राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"काका." राजनंदिनीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण हसणं थांबलं. "आमच्या घरमालकांना फोन तुम्ही केला होता. आता पण करणार का?"

"करू की. उद्या..."

"आत्ता करा. दादा इथंच उभे आहेत. त्यांना ऐकू द्या."

गोपाळकृष्णांनी खिशातून मोबाइल काढला. माणूस तिरकस असेल, पण पळपुटा नव्हता. "नमस्कार. फ्लॅट नऊबद्दल बोललो होतो. ते चूक होतं. गैरवापर माझ्या घरातून झाला होता. हो, माझ्याच. आपल्या भाडेकरूंचा काही संबंध नाही." फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पद्मजाबाई पुढे गेल्या, राजनंदिनीचा हात हातात घेतला. तिनं क्षणभर राहू दिला, मग हळूच सोडवून घेतला.

चहाची गडबड सुरू झाली. बापूराव उत्तरेश्वरपाशी आले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"उत्तरेश्वरराव, घरमालक फोनवर म्हणला, वायरवाल्यानंच दाखवून दिलंय, तुमच्याच भागातला हाय, तो कशाला खोटं बोलंल? मला बी पटलं. तुमचं नाव ऐकलं आन् पोरीला मी काही इचारलंच न्हाई. नुसतं सामान बांध म्हणलो." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "सोन्यासारखी पोरगी, तिला तोंड उघडू दिलं न्हाई मी."

"दादा, दोनची गाडी आहे तुमची," राजनंदिनी म्हणाली. "जेवून निघा. मी राहते."

बापूरावांनी मान हलवली. तिला अडवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि इच्छाही.

उत्तरेश्वर तिच्यासमोर गेला. "पोरी, चुकलं माझं."

"सेक्रेटरींचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "ते मला ओळखतच नव्हते. तुम्ही ओळखत होता."

तिनं सुटकेस उचलली. दोरीची पिशवी राहिली होती. उत्तरेश्वर ती घ्यायला वाकला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन जिना चढायला लागली.